उसन्या देहाची प्रीती

लावणीचा तास वर्गात नेहमीच रंगतो. सोलापुरात तो जरा अधिकच रंगतो, कारण रामजोशी हा आपल्या गावचा शाहीर असल्याचा सुप्त अभिमान मुलांच्या मनात असतो. अशाच एका तासानंतर एम.ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी मागे थांबली. उत्तर पेशवाईतील तमाशात स्त्रीचे सोंग बहुधा ‘नाच्या पोऱ्या’ घेत असे, हे वाक्य मी जाता जाता उच्चारले होते आणि पुढे वृत्त, यमक, शृंगाराचे प्रकार अशा सुरक्षित विषयांकडे वळले होते. तिच्या मनात मात्र तेवढेच वाक्य राहिले होते. मग या लावण्या म्हणजे आमच्या ‘बी.एल.’सारख्याच झाल्या की, असे ती म्हणाली. बी.एल. म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. तिने मोबाइल पुढे केला. जपानी चित्रकथेचे एक पान त्यावर उघडलेले होते. शाळेच्या गणवेशातील दोन मुले रिकाम्या वर्गात शेजारी शेजारी बसली होती आणि त्यांतील एक दुसऱ्याला गाण्याचे शब्द समजावून देत होता. ‘बॉइज लव्ह’, म्हणजे मुलामुलांमधील प्रेमाच्या कथा, या नावाने ओळखला जाणारा हा एक मोठा वाङ्मयप्रकार असून त्याच्या लेखिका आणि वाचक बहुतांशी स्त्रियाच असतात, हे तिने मला सांगितले. वहीचे पान फाडून तिने तीन नावेही लिहून दिली.

विद्यार्थ्यांना पुस्तके सुचवणे हा आपल्या व्यवसायाचा भाग आहे. एखाद्या विद्यार्थिनीने आपल्याला पुस्तक सुचवावे, आणि तेही इतक्या विश्वासाने, असा प्रसंग क्वचित येतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. ते शोधताना एक जपानी इतिहास आणि एक आपला इतिहास असे दोन्ही नव्याने वाचावे लागले. त्या वाचनाचा हा थोडा विस्तृत गोषवारा आहे.

१

प्रथम हे सांगायला हवे की, चित्रकथा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ‘चांदोबा’, ‘अमर चित्रकथा’ किंवा इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ येतो आणि हा मुलांचा खाऊ आहे असे आपण गृहीत धरतो. जपानमध्ये ‘मांगा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथा सर्व वयांचे लोक वाचतात. तेथील मासिके-साप्ताहिके वाचकवर्गानुसार विभागलेली असतात. मुलींसाठीच्या चित्रकथांना ‘शोजो मांगा’ म्हणतात. १९६० च्या दशकापर्यंत या कथांतही पुरुष चित्रकारांचा वाटा मोठा होता. त्यांतील नायिका सोशिक, निरागस आणि शेवटी कोणाच्या तरी आश्रयाला जाणारी अशी असे.

१९७० च्या सुमारास विशीतील काही तरुणींनी हे चित्र पालटले. त्यांतील अनेकींचा जन्म १९४९ च्या आसपासचा. जपानी कालगणनेत ते शोवा २४ वे वर्ष, म्हणून पुढे समीक्षकांनी त्यांना ‘चोविसाव्या सालच्या’ लेखिका असे नाव दिले. ताकेमिया केइको आणि हागिओ मोतो या त्यांतील दोन प्रमुख. (जपानी रीतीप्रमाणे येथे आडनाव आधी लिहिले आहे.) १९७० च्या अखेरीपासून १९७३ पर्यंत या दोघी तोक्योच्या ओइझुमी भागातील एका जुन्या भाड्याच्या घरात एकत्र राहत होत्या. तेथे इतर होतकरू चित्रकर्त्रींचा सतत राबता असे. या घराला पुढे ‘ओइझुमी सालों’ असे भारदस्त नाव मिळाले.

या घराच्या इतिहासात मला सर्वांत वेधक वाटली ती तिसरीच व्यक्ती. मासुयामा नोरिए ही ताकेमियाची मैत्रीण जवळच राहत असे. ती चित्रे काढीत नव्हती. ती पुस्तके सुचवीत होती. हेरमान हेसेच्या कादंबऱ्या वाचा, युरोपीय चित्रपट पाहा, पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐका, असा तिचा आग्रह असे. हेसेच्या कादंबऱ्यांतील वसतिगृहे, कडक शिस्तीचे शिक्षक आणि एकमेकांत जीव गुंतलेले मुलगे या तरुणींच्या मनात शिरले ते या आग्रहामुळे. १९७२ मध्ये ‘मुलींच्या चित्रकथा बदलायच्या’ असा चंग बांधून बसलेल्या या मुली पुढे काय घडवणार आहेत, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. एका वाङ्मयप्रकाराच्या उगमाशी अशी एक निःस्वार्थ शिफारस करणारी वाचक उभी आहे, हे आपल्यासारख्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

ताकेमियाची मुलग्यांच्या प्रेमाची पहिली लघुकथा १९७० च्या डिसेंबरच्या अंकात आली. हागिओची ‘नोव्हेंबरची शाळा’ १९७१ मध्ये आणि ‘थॉमसचे हृदय’ ही मोठी कथा १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘थॉमसचे हृदय’ची सुरुवातच एका मृत्यूने होते. जर्मनीतील वसतिगृहात राहणारा थॉमस हा कोवळा मुलगा बर्फाळ दिवसांत पुलावरून खाली पडून मरतो आणि त्याने युली या विद्यार्थ्याला लिहिलेले पत्र नंतर पोहोचते. थॉमससारखाच दिसणारा एरिक शाळेत येतो आणि युलीला स्वतःच्या जखमेकडे पाहावे लागते. आपल्यावर कोणी प्रेम करू शकेल यावरचा विश्वास उडालेल्या मुलाची ही कथा आहे, आणि ती शरीरसुखापेक्षा क्षमेच्या प्रश्नाभोवती अधिक फिरते.

ताकेमियाची ‘वारा आणि वृक्ष यांचे गीत’ ही कथा याहून धीट. दोन मुलगे एका शय्येवर आहेत असे तिचे पहिलेच पान असल्यामुळे संपादक ती स्वीकारीनात. कल्पना सुचल्यापासून छापली जाईपर्यंत सुमारे सहा-सात वर्षे गेली. अखेर १९७६ मध्ये ती सुरू झाली, १९८४ मध्ये संपली आणि तिचे सतरा खंड झाले. त्यातील झिल्बेर या मुलावर होणारे अत्याचार आजही अस्वस्थ करतात, आणि ते तसे करावेत असाच लेखिकेचा हेतू दिसतो.

आता मुख्य प्रश्न. या तरुणींनी मुलींच्या मासिकात, मुलींसाठी लिहिताना, नायक म्हणून मुलगे का घेतले? याचे सर्वांत बोलके उत्तर हागिओच्या एका अनुभवात आहे. ‘नोव्हेंबरची शाळा’ लिहिताना तिने आधी तीच कथा मुलींच्या शाळेत घडते असा आराखडाही करून पाहिला होता. तो तिला रुचला नाही. मुलींच्या तोंडी तेच संवाद घातले की ते ओळखीचे, अंगावर येणारे होत. मुलगे घेताच कथा मोकळी झाली. यात बरेच काही सामावलेले आहे. मुलगी नायिका झाली की तिच्यामागून लग्न, अब्रू, गर्भ, आईवडिलांची नजर, सारे काही कथेत शिरते. ते सगळे वाचकाच्याही पाठीशी असतेच. मुलग्यांच्या देहात मात्र ती वाचक काही काळ या पहाऱ्यातून सुटते. प्रेमात पुढाकार घेणे, मागणे, नाकारणे, पाहणे आणि पाहिले जाणे या सर्व गोष्टी ती स्वतःचा देह पणाला न लावता अनुभवू शकते. माझ्या विद्यार्थिनीनेही आपल्या शब्दांत हेच सांगितले होते. त्या गोष्टीत मुलगी नसते, म्हणून तिला धास्ती नसते.

आपल्या काव्यशास्त्राची परिभाषा वापरायची तर हा साधारणीकरणाचाच एक आडवाटेचा प्रकार आहे. भाव रसिकाचा, विभाव परके. लौकिक ‘मी’पासून जितके अंतर अधिक तितका आस्वाद निर्वेध, ही गोष्ट भट्टनायकाच्या वाचकाला नवी वाटू नये.

२

एवढे लक्षात आल्यावर माझ्या विद्यार्थिनीची तुलना अर्धी बरोबर आणि अर्धी उलटी होती हे कळले. जपानमध्ये स्त्रियांनी पुरुषांचा देह उसना घेतला. आपल्याकडे पुरुषांनी स्त्रीचा आवाज उसना घेतला. ही उसनवारी आपल्याकडे इतकी जुनी आणि प्रतिष्ठित आहे की, तिच्याकडे उसनवारी म्हणून आपले लक्षच जात नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी, एकनाथांच्या गौळणी आपण ‘मधुराभक्ती’ या शीर्षकाखाली निर्धास्तपणे शिकवतो. सोलापूरच्या मातीत तर ही गोष्ट त्याहून जुनी आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे या नगरीचे ग्रामदैवत आणि कन्नड वचनसाहित्यातील एक मोठे नाव. ज्या शरण परंपरेत ते वावरले तिचे एक सूत्र ‘शरण सती, लिंग पती’ असे आहे. भक्त पुरुष असला तरी ईश्वरापुढे तो पत्नी.

दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होणारा अक्षता सोहळाही येथे आठवतो. सिद्धरामांशी विवाह व्हावा असा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचे लग्न अखेर त्यांच्या योगदंडाशी लागले, अशी कथा आहे. वराच्या जागी योगदंड. प्रत्यक्ष देह जेथे येऊ शकत नाही तेथे दुसरे काही त्याच्या वतीने उभे राहते आणि हजारो माणसे अक्षता टाकून त्या नात्याला मान्यता देतात. श्रद्धेच्या या सोहळ्याला मला दुसऱ्या कशाचे लेबल लावायचे नाही. प्रतिनिधीच्या द्वारे व्यक्त होणारी प्रीती आपल्या गावाला अनोळखी नाही, एवढेच सांगायचे आहे.

रामजोशीचा काळ उत्तर पेशवाईचा. वेदशास्त्रसंपन्न घराण्यातील हा तरुण तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने, मुद्गलभटांनी, त्याला घराबाहेर काढले, पुढे पंढरपुरात त्याने शास्त्राध्ययन केले, मोरोपंतांच्या सहवासाने तो कीर्तनाकडे वळला, अशी त्याची हकीगत परंपरेने सांगितली जाते. त्याच्या शृंगारिक लावण्यांत बोलणारी अनेकदा स्त्री असते. रुसणारी, बोलावणारी, वाट पाहणारी. लिहिणारा पुरुष, ऐकणारेही बहुसंख्य पुरुष. रामजोशीच्या फडात बया नावाची कलावंतीण होती असे सांगतात, आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटातील हंसा वाडकरांनी ती आपल्या स्मरणात पक्की बसवली. पण एकूण तमाशाचा विचार केला तर स्त्रीने फडावर उघडपणे उभे राहणे ही पुढची गोष्ट आहे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या जोडीचे नाव त्या संदर्भात नेहमी घेतले जाते. त्यापूर्वी ते आर्जव, तो रुसवा, तो नखरा एखादा कोवळा पोरगाच साकार करी. म्हणजे लावणीत उसनवारी दुहेरी होती. आवाज स्त्रीचा, देह पोराचा, आणि वासना तिसऱ्याच कोणाची.

संगीत रंगभूमीवर या उसनवारीला राजमान्यता मिळाली. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढची तीन दशके मराठी सौंदर्यकल्पनेवर त्यांच्या भामिनीचे, रुक्मिणीचे, सिंधूचे राज्य होते. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची, गजऱ्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा होता. रंगमंचावरील प्रेमिक दोघेही पुरुष आहेत, हे त्या प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते. त्या ज्ञानाने रसभंग होत नव्हता. कदाचित त्यामुळेच प्रेक्षागृहातील कुलीन स्त्रीला शृंगार निःशंकपणे पाहता येत होता. खऱ्या नटीचा शृंगार पाहणे तिच्या दृष्टीने लाजिरवाणे ठरले असते. बालगंधर्वांचा शृंगार पाहणे ही अभिरुची होती. जपानी मुलींच्या चित्रकथांना आपल्या इतिहासातील सर्वांत जवळची जागा कोणती असेल, तर ती माझ्या मते लावणीचा फड नसून बालगंधर्वांच्या नाटकातील स्त्रियांचा राखीव विभाग आहे. तेथे बसलेल्या बायका आपापसांत काय बोलत असतील, घरी जाऊन काय आठवीत असतील, हे कोणी लिहून ठेवले नाही. जपानी मुलींनी ते लिहिले, चित्रित केले आणि एकमेकींना वाचायला दिले. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

३

उसने घेतलेले परत करावे लागते. निदान कोणाकडून घेतले याची आठवण ठेवावी लागते. या प्रकाराचा पुढचा इतिहास या व्यवहाराचाच आहे.

१९७५ च्या डिसेंबरमध्ये तोक्योत हौशी चित्रकथाकारांची पहिली मोठी जत्रा भरली. बत्तीस गट, सुमारे सातशे माणसे, आणि त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली. पुढे या जत्रेला लाखांनी गर्दी होऊ लागली. तेथे विकल्या जाणाऱ्या हस्तनिर्मित पुस्तिकांतून मुलींनी प्रसिद्ध कथांतील पुरुष पात्रांना एकमेकांच्या प्रेमात पाडायला सुरुवात केली. आपल्या लेखनाला त्यांनी ‘याओइ’ असे नाव दिले. परमोत्कर्ष नाही, शेवट नाही, अर्थ नाही, अशा अर्थाच्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा हा विनोदी संक्षेप आहे. १९७८ मध्ये या विषयाला वाहिलेले मासिक निघाले. १९९० च्या दशकात व्यावसायिक प्रकाशकांनी ‘बॉइज लव्ह’ हे नाव रूढ केले. वाचकिणींनी स्वतःला ‘फुजोशी’, म्हणजे ‘नासलेल्या मुली’, असे थट्टेने म्हणवून घेतले. समाज आपल्याला काय म्हणेल ते आपणच आधी म्हणून टाकायचे, ही युक्ती कोणत्याही भाषेतील स्त्रियांना कळेल.

१९९२ मध्ये एका छोट्या स्त्रीवादी नियतकालिकात सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याचा संतप्त लेख आला. या कथांतील सुंदर, सडपातळ, बहुधा शोकान्त मुलांचा आपल्यासारख्या प्रत्यक्ष माणसांशी काही संबंध नाही, आमच्या जगण्याचा मात्र खेळ झाला आहे, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. लेखिका आणि वाचक त्यावर उत्तरल्या आणि हा वाद काही वर्षे चालला. काहींनी स्वतःला तपासले. काहींनी आपले लेखन म्हणजे स्वतःविषयीचे लेखन आहे, पुरुषांविषयीचे नाही, असे सांगितले. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच तो वाद मोलाचा होता.

मराठीच्या विद्यार्थ्याला या वादाचा सूर ओळखीचा वाटेल. दलित साहित्याच्या संदर्भात स्वानुभव आणि सहानुभूती यांचा प्रश्न आपण अनेक दशके चर्चिला आहे. दुसऱ्याच्या दुःखावर आपली कथा उभी करण्याचा अधिकार कोणाला, हा तोच प्रश्न आहे. फक्त येथे दुःखाच्या जागी प्रेम आहे, आणि उसने घेणाऱ्या स्त्रिया स्वतःही बंधनात आहेत.

नाच्या पोऱ्याकडे मला पुन्हा वळावेसे वाटले ते येथे. लावणीच्या रसास्वादात आपण त्याला विसरतो. १९७८ मध्ये आनंद यादवांनी ‘नटरंग’ लिहिली तेव्हा त्या देहाचा मालक प्रथमच मराठी कादंबरीच्या मध्यभागी आला. कागलच्या गुणाला कुस्तीचा, कलेचा नाद. फडाला नाच्या मिळेना म्हणून तो स्वतः नाच्या होतो आणि मग घर, गाव, शरीर यांतले काहीच त्याचे उरत नाही. प्रेक्षकांनी ज्या देहाकडून सुख उसने घेतले त्याच देहाला त्यांनी हिणवले, ओरबाडले. गुणा समलिंगी नाही. पण पुरुषाच्या बायकीपणाला आपला समाज कोणती शिक्षा देतो, हे त्या कादंबरीइतके थेट फार थोड्या ठिकाणी दिसते. जे सातो मासाकी १९९२ मध्ये विचारीत होता, ते यादवांनी त्याआधी चौदा वर्षे, संपूर्ण वेगळ्या मातीत विचारले होते. सोंगाचा आनंद तुमचा, मग सोंग घेणाऱ्याचे काय?

४

आता शिफारशीचा प्रश्न. माझ्या विद्यार्थिनीने पुढे विचारले होते, की असे काही मराठीत आहे का?

आहे, पण थोडे. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली सुमित्रा देव दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करते आणि तिची कथा सांगतो तो बापू हा तिचा मित्र. येथेही बोलणारा एक, जगणारी दुसरी. शेवट मृत्यूने. मुंबईतून १९९० मध्ये अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले, ते मुख्यतः इंग्रजीत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली आणि मराठीतून साध्या, स्पष्ट भाषेत लिहायला आरंभ केला. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी एका मुलाची शाळेपासूनची घुसमट सांगते. वाङ्मयीन सजावट तिच्यात जवळजवळ नाही, आणि ज्याला अशा पुस्तकाची गरज आहे त्याला ती लागतही नाही.

२००६ मध्ये मौज प्रकाशनाने सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ काढली. मध्यमवर्गीय जोशी कुटुंबाच्या घरात वरच्या खोलीत एक भाडेकरू येतो. भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. पहिला भाग तनयचा. तो त्या निघून गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणून संबोधत बोलत राहतो. दुसरा भाग अनुजाच्या रोजनिशीचा. बॉइज लव्हचा इतिहास वाचल्यानंतर मी ही कादंबरी पुन्हा उघडली, तेव्हा तिची रचना मला वेगळीच दिसली. जपानी कथांत मुलगी कथेबाहेर बसून मुलांकडे पाहते. येथे तीच मुलगी कथेत आली आहे आणि तिच्यासमोर तिचा भाऊ बसला आहे. एकाच माणसावर प्रेम केलेल्या दोघांपैकी अनुजाचे दुःख घराला निदान दिसते, त्यावर आरडाओरडा होतो, उपाय योजले जातात. तनयचे दुःख दुःख म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. उसना घेतलेला आणि घेणारी, दोघेही येथे स्वतःच्या आवाजात बोलतात. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि २०२२ मध्ये चित्रपट. चित्रपटाने कथा कोचीला नेली. त्यामुळे मराठी घरातील ती विशिष्ट शांतता मात्र हरवली असे मला वाटते.

येथे एक कबुली द्यायला हवी. २००८ सालची गोष्ट. नोकरीला लागून मला दुसरेच वर्ष होते. बी.ए.च्या वर्गातील एक अबोल मुलगा प्राध्यापक कक्षाच्या दाराशी आला आणि प्रेमाविषयी, पण नेहमीपेक्षा निराळे, असे काही वाचायला द्याल का, असे त्याने विचारले. ‘निराळे’ हा शब्द उच्चारताना तो थांबला होता. तो का थांबला हे मला कळले. त्या दिवशी माझ्या पिशवीत ‘कोबाल्ट ब्ल्यू’ होती. कक्षात आणखी तिघे-चौघे बसले होते. कलम ३७७ तेव्हा लागू होते, पण मला कायद्याचे भय वाटले असे म्हणणे खोटे ठरेल. भय वाटले ते त्या तिघा-चौघांचे. मी कपाटातून एक सर्वमान्य कवितासंग्रह काढून त्याला दिला. त्याने तो आठवड्याने नीट परत केला, ‘छान आहे’ म्हणाला, आणि पुन्हा काही मागायला आला नाही. पदवीनंतर तो पुण्याला गेला एवढेच कळले.

त्यानंतर २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांपुरते ते कलम घटनाबाह्य ठरवले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मुक्तता दिली. २०२३ मध्ये विवाहाचा अधिकार मान्य झाला नाही. कायद्याच्या या प्रत्येक टप्प्यावर मला ती पिशवी आठवली. न्यायालयाला जे करायला दीड दशक लागले त्यातले अगदी थोडे मला त्या दुपारी करता आले असते.

५

म्हणून आता कोणी विचारले तर काय सुचवावे, याचा मी विचार करून ठेवला आहे.

सरसकट स्तुती करू नये. या प्रकारातील पुष्कळ लेखन ठोकळेबाज आहे. एक आक्रमक, एक शरणागत, अशा ठरीव जोड्या त्यात वारंवार येतात. जुन्या कथांत जबरदस्तीलाच प्रेमाची खूण मानले आहे आणि पात्रांची कोवळी वये हा वेगळा, गंभीर प्रश्न आहे. ‘वारा आणि वृक्ष यांचे गीत’ ऐतिहासिक महत्त्वाचे आहे, पण त्यातील अत्याचारांची पूर्वसूचना दिल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नये. शिवाय मोबाइलवर फुकट मिळणारी पाने बहुधा अनधिकृत असतात. त्यातून मूळ लेखिकेला काहीच मिळत नाही. तीही एक परत न केलेली उसनवारीच.

आरंभ ‘थॉमसचे हृदय’पासून करावा. मग विद्यार्थिनीने मला दाखवलेली नाकामुरा आसुमिको यांची ‘वर्गमित्र’, जिची सुरुवात २००६ ची आहे. दोन मुले शाळेच्या गाण्याची तयारी करतात आणि प्रेमात पडतात. कोणी मरत नाही, कोणाला शिक्षा होत नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला या प्रकाराला साडेतीन दशके लागली, हेही शिकवण्यासारखे आहे. त्यानंतर योशिनागा फुमी यांची २००७ पासूनची ‘काल काय जेवलास?’ वाचावी. बॉइज लव्हमधूनच पुढे आलेल्या या लेखिकेने येथे मध्यमवयीन वकील आणि केशकर्तनकार यांचा संसार रंगवला आहे. भाजीचे भाव, रात्रीचा स्वयंपाक, म्हातारे आईवडील, ऑफिसात झाकून ठेवलेले नाते. शेवटी तागामे गेंगोरो यांची २०१४ ते २०१७ मधील ‘माझ्या भावाचा नवरा’. तागामे स्वतः समलिंगी चित्रकार आहेत. मृत जुळ्या भावाचा कॅनेडियन नवरा घरी येतो आणि यजमानाला स्वतःचे पूर्वग्रह एकेक करून दिसू लागतात. ही कथा बॉइज लव्ह नाही. ज्याचा देह इतकी वर्षे उसना घेतला गेला त्याने स्वतः सांगितलेली आहे. हिच्याबरोबर ‘नटरंग’, ‘पार्टनर’ आणि ‘कोबाल्ट ब्ल्यू’ अशी तीन मराठी पुस्तके ठेवली की, एक लहानसा अभ्यासक्रम तयार होतो. उसने घेण्याचा आनंद आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे म्हणणे, दोन्ही त्यात येते. एकाशिवाय दुसरे सुचवणे मला आता अपुरे वाटते.

ओइझुमीच्या घराचा शेवट गोड झाला नाही. १९७३ मध्ये मैत्रिणींत कल्पनांच्या मालकीवरून दुरावा आला. हागिओने २०२१ मध्ये लिहिलेल्या आठवणींतून ती जखम पन्नास वर्षांनंतरही भरली नसल्याचे दिसते. कोणी कोणाकडून काय घेतले, हा प्रश्न त्या घरालाही चुकला नाही. पण मासुयामाने सुचवलेली पुस्तके त्या भांडणाच्या पलीकडे कधीच निघून गेली होती. ती तोक्योहून निघाली आणि अर्धशतकाने सोलापुरात, लावणीच्या तासानंतर, माझ्या टेबलावर एका फाटक्या वहीच्या पानाच्या रूपाने येऊन पडली.

विद्यार्थिनीला मी ‘कोबाल्ट ब्ल्यू’ची माझी प्रत दिली. २००८ मध्ये पिशवीत होती तीच. पुस्तक चौथ्या दिवशी परत आले नाही, महिन्याने आले, आणि मधल्या काळात ते वर्गातील आणखी दोघांनी वाचले असल्याचे तिने थोडे संकोचून सांगितले. त्यांची नावे तिने सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत. पुढच्या वर्षी लावणीच्या तासाला नाच्या पोऱ्याचे वाक्य जाता जाता उच्चारायचे नाही, तेथे थांबायचे, असे मात्र मी त्या दिवशी टाचणाच्या वहीत लिहून ठेवले.